पडवीची भिंत : आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट ठेवा



रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात हाती आले. पत्र पिकाविषयी नाही, घराविषयी आहे. पण शेतकऱ्याचे घर म्हणजे त्याचे कोठारही असते, म्हणून या सदरात त्याला उत्तर देणे मला योग्य वाटते. पत्रातील मजकूर थोडक्यात असा :

"आमची पडवी पश्चिमेला आहे. पावसाळ्यात झड थेट आत येते. सासूबाईंना दमा आहे. आत चुलीचा धूर सोसत नाही म्हणून त्यांची खाट पडवीत असते. भाताची पोती, खताच्या गोणी, जळणही तिथेच. दरवर्षी प्लॅस्टिकचा कागद बांधतो, तो आषाढातच फाटतो. मालक मुंबईस असतात, ते गणपतीला येतात. चिऱ्यांची भिंत घालावी म्हटले तर एक गवंडी म्हणतो जोते खचेल, दुसरा म्हणतो काही होत नाही. मेस्त्री म्हणतो लाकडी सांगाड्याची भिंत करा. आमची खर्च करायची ऐपत एकदाच आहे. काय करावे ते लिहावे."

ताई, तुमच्या मेस्त्रीचे म्हणणे मला पटते. मात्र लाकडी सांगाड्याची भिंत नीट झाली तर वीस-पंचवीस वर्षे टिकते, आणि चुकली तर तिसऱ्या पावसाळ्यात कुजते. कशी कुजते हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे. तेव्हा आधी माझी चूक सांगतो आणि मग कृती.

मी घातलेली भिंत

बी.एस्सी. होऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सन १९९६ ची गोष्ट. गावच्या घराच्या पडवीला पश्चिमेकडून कूड होता. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांबूच्या कांबींनी बांधून, वर शेणामातीचा गिलावा. पावसाळा आला की आमचे वडील, तात्या, कुडाच्या बाहेर हातभर अंतर सोडून नारळीचे झाप बांधीत. दर दिवाळीनंतर आई कूड पुन्हा लिंपून घेई. मला हे सारे जुनाट वाटे. शिकलेल्या मुलाच्या घराला कूड काय म्हणून, असा तो विचार.

पहिल्या पगारातून साठवलेल्या पैशांत मी कूड काढविला. लाकडी चौकट केली, ती सरळ पडवीच्या जमिनीवर टेकविली आणि दोन्ही बाजूंनी प्लायवूड ठोकले. जिथे फट दिसली तिथे सिमेंट भरले. वर, खाली, कडांना, सगळीकडे. आमचे मेस्त्री वयस्कर होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, खाली थोडी फट ठेवूया." मी म्हणालो, "फट ठेवली तर पाणी येईल." मेस्त्री पुढे काही बोलले नाहीत. 'साहेब' या शब्दामुळे माणसे गप्प बसतात, ही गोष्ट मला उशिरा कळली.

पहिला पावसाळा कोरडा गेला आणि मी खूष झालो. दुसऱ्या पावसाळ्यात पडवीत कुबट वास येऊ लागला. तिसऱ्या वर्षी तात्यांनी त्या भिंतीच्या भरवशावर रब्बीचे बी, म्हणजे कुळीथ आणि वाल, पोत्यांत भरून भिंतीला लावून ठेवले. पूर्वी हे बी चुलीच्या वर, माळ्यावर असे. भिंत पक्की आहे, मग ठेवायला काय हरकत, असे त्यांना वाटले. भात कापून झाल्यावर त्यांनी कुळीथ पेरला. आठ दिवस झाले, दहा झाले. शेतात एखाददुसरे रोप. पोत्यात हात घातला तर तळाचे बी बुरशीने चिकटलेले होते.

मग भिंत उघडली. बाहेरच्या प्लायवूडच्या सांध्यांतून थोडे थोडे पाणी आत गेले होते. ते बाहेर पडायला जागा नव्हती, कारण सगळ्या फटी मीच बुजविल्या होत्या. जमिनीवरचे लाकूड हाताने चुरडले जात होते, त्यात वाळवी लागली होती. मेस्त्री ते पाहून म्हणाले, "पाणी येणारच साहेब. आलेल्या पाण्याला जायला वाट कुठे ठेवली आपण?"

तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. शेजारच्या वाडीत जाऊन त्यांनी कुळथाचे बी उसने आणले आणि उशिराने पेरणी केली. त्या वर्षी घरात पिठल्याला कुळीथ विकत आणावा लागला. उसने बी मागायला गेलेल्या बापाची पाठ मला अजून आठवते.

कूड काय सांगत होता

पुढे विचार करता ध्यानात आले की, जो कूड मी काढून टाकला त्यात सगळे शास्त्र होते. बाहेरचा झाप झडीचा मार खाई आणि पाणी खाली सोडून देई. झाप आणि कूड यांच्यामधल्या हातभर मोकळ्या जागेतून वारा खेळे. झापातून जे थोडे तुषार आत येत ते कुडापर्यंत पोचेतोवर सुकत किंवा खाली गळून जात. आतला कूड कोरडा राही, आणि ओलावलाच तर श्रावणातल्या उन्हात पुन्हा वाळे.

घरावरची कौलेही असेच काम करतात. कौलांच्या मध्ये कुणी सिमेंट भरत नाही. वरचे कौल खालच्या कौलावर चढलेले असते, त्यामुळे पाणी उतरत वळचणीला जाते. फटी असतात, पण पाण्याची वाट ठरलेली असते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, कोकणच्या पावसात भिंत बांधताना एवढे लक्षात ठेवावे. जिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा येतो, तिथे पाण्याचा प्रत्येक थेंब अडविणारी भिंत माणसाला साधत नाही. बाहेरच्या थराने बहुतेक पाणी अडवावे, चुकून आत आलेल्या पाण्याला खाली उतरून बाहेर पडता यावे, आणि उरलेला ओलावा वाऱ्याने वाळावा. पुढची सगळी कृती याच तीन गोष्टींसाठी आहे.

चिऱ्यांची भिंत का नको

जुन्या घरांच्या पडवीचे जोते बहुधा मातीच्या भरावाचे असते. त्यावर खांब उभे असतात, पण खांबांच्या मधल्या भागाखाली पाया नसतो. १५ फूट लांब, ७ फूट उंच आणि ९ इंच जाड अशी चिऱ्यांची भिंत घातली तर तिचे वजन चार-पाच टन भरते. असा बोजा भरावावर पडला आणि त्यात पाणी मुरले की जोते खचते, भिंतीला तडा जातो आणि पडवीचे छप्परही ओढले जाते. चिऱ्यांचीच भिंत हवी असेल तर आधी कठीण थरापर्यंत पाया खणावा लागेल. लाकडी सांगाड्याच्या भिंतीचे वजन त्या मानाने अगदी किरकोळ असते. म्हणजे तुमचा पहिला गवंडी खरे बोलला.

आधी वर आणि खाली पाहा

भिंतीला हात लावण्यापूर्वी छप्पर पाहावे. वळचण भिंतीच्या पुढे दोन फूट तरी आलेली असावी. कमी असेल तर वासे पुढे वाढवून घ्यावेत किंवा पन्हळ लावावी. वळचणीचे पाणी भिंतीवर पडत असेल तर कोणतीही भिंत टिकणार नाही.

मग जमीन पाहावी. पडवीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार हवा, फुटाला दोन सूत पुरे. पाणसळ लावून खात्री करावी. पाणसळ नसेल तर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहावे.

लाकूड आईनाचे किंवा किंजळीचे असल्यास उत्तम. सागवान मिळाल्यास प्रश्नच नाही, पण त्याचा खर्च सर्वांना झेपत नाही. आंब्याचे लाकूड या कामाला वापरू नये, ते ओलाव्यात लवकर जाते आणि किडते. जुन्या घराचे वासे-तुळया उतरविलेल्या मिळाल्या तर त्या नव्या ओल्या लाकडापेक्षा केव्हाही बऱ्या, कारण त्या पुऱ्या वाळलेल्या असतात. स्वतःच्या मालकीचे झाड तोडायचे असले तरी आईन, किंजळ, साग, फणस यांसारख्या झाडांना आधी परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नये.

सांगाडा

उदाहरणादाखल दोन खांबांमधला १० फूट रुंदीचा आणि ७ फूट उंचीचा एक गाळा धरू. आपला गाळा मोजून त्याप्रमाणे आकडे बदलावेत.

१) चिऱ्याचा थर : लाकूड जमिनीवर कधीही टेकवू नये. वळचणीचे पाणी अंगणात पडून जे शिंतोडे उडतात ते फूटभर उंचीपर्यंत मारा करतात. म्हणून तळाला चिऱ्याचा एकच थर, ९ इंच उंचीचा, सिमेंटमध्ये लावून घ्यावा. एका थराचा बोजा जोते सहज सोसते. या थरात दोन ठिकाणी जमिनीलगत मोऱ्या ठेवाव्यात आणि त्यांना बारीक जाळी लावावी, म्हणजे आत आलेले पाणी उताराने बाहेर जाईल आणि उंदीर येणार नाहीत. थर लावतानाच चिऱ्यांच्या सांध्यांत तीन लांब बोल्ट उभे पुरून ठेवावेत.

२) बैठक : थरावर डांबरी कागदाची पट्टी अंथरावी. तिच्यावर ३ इंच रुंद व २ इंच जाडीचे लाकूड बसवून ते बोल्टांनी आवळावे. कागदामुळे चिऱ्यातला ओलावा लाकडात चढत नाही. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बैठकीची बाहेरची कड चिऱ्याच्या बाहेरच्या कडेशी जुळवून घ्यावी. बैठक थराच्या मधोमध ठेवली तर बाहेर चिऱ्याची पायरी उरते, फळ्यांवरून आलेले पाणी त्या पायरीवर साचते आणि बैठकीखाली शिरते. दहांतल्या आठ भिंती मी इथेच कुजलेल्या पाहिल्या आहेत.

३) उभे : त्याच मापाच्या लाकडाचे सहा उभे, दर दोन फुटांवर एक. वर छपराच्या तुळईखाली ६ इंच मोकळे सोडायचे आहेत. ७ फुटांतून चिऱ्याचे ९ इंच, मोकळे ६ इंच आणि वरच्या-खालच्या आडव्या लाकडांचे ४ इंच वजा केले की उभ्याची लांबी ५ फूट ५ इंच येते. उभ्यांच्या डोक्यावर तेवढ्याच मापाचे आडवे लाकूड, त्याला आपण माथा म्हणू. उभ्यांच्या मध्ये अर्ध्या उंचीवर आखूड तुकडे ठोकावेत, म्हणजे उभे पिळवटणार नाहीत. आतल्या अंगाने एक तिरपी पट्टी खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत मारावी, तिच्यामुळे चौकट तिरकी होत नाही. प्रत्येक उभा ओळंब्यात घ्यावा. सगळे मिळून सुमारे ६५ फूट लाकूड लागते.

४) जखडणे : कडेचे उभे पडवीच्या खांबांना बोल्टने बांधावेत. खांबाला खाच पाडू नये, छपराचा भार त्याच्यावर आहे. माथा आणि तुळई यांच्यामध्ये दोन ठिकाणी ६ इंची ठोकळे घालून लोखंडी पट्टीने जखडावे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत छपरे उडाली. अशा वेळी नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. आणखी एक इशारा. पश्चिम उघडी ठेवून फक्त पूर्वेकडून पडवी बंद करू नये. तसे केल्यास वारा आत शिरून अडतो आणि छप्पर वर उचलतो.

लाकडाची कापलेली टोके सर्वांत आधी पाणी पितात. ठोकण्यापूर्वी प्रत्येक टोकाला आणि बैठकीच्या चारही बाजूंना काजूच्या टरफलाचे तेल द्यावे आणि ते पुरते सुकू द्यावे. या तेलाने वाळवीही दूर राहते. परंतु ते कातडीला लागल्यास फोड येतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. जिथे धान्य ठेवायचे तिथल्या लाकडाला इंजिनाचे जळके तेल फासू नये.

बाहेरचे अंग

सांगाड्याच्या बाहेरून डांबरी कागद लावावा. तो खालून वर लावत जावा, आणि वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर अर्धा फूट चढलेला असावा, अगदी कौलांसारखा. सगळ्यांत खालच्या पट्ट्याची कड बैठकीच्या खाली चिऱ्यावर उतरलेली हवी. उलटा लावलेला कागद पाणी अडवीत नाही, आत नेतो.

कागदावर, प्रत्येक उभ्याच्या रेषेत, पाऊण ते एक इंच जाडीची उभी रीप ठोकावी. या रिपांवर फळ्या बसतील. म्हणजे कागद आणि फळ्या यांच्यामध्ये इंचभर पोकळी राहील. झाप आणि कूड यांच्यामधली ती हातभर जागा, तीच ही. पोकळीच्या खालच्या आणि वरच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. कुणी कितीही सांगितले तरी ही तोंडे सिमेंटने किंवा लांबीने बुजवू नयेत.

फळ्या ६ इंच रुंदीच्या घ्याव्यात आणि आडव्या लावाव्यात. सुरुवात खालून करावी. पहिली फळी चिऱ्याच्या थराच्या दीड इंच खाली उतरवावी, म्हणजे पाणी चिऱ्याच्या माथ्यावर न पडता त्याच्या पुढे गळेल. पहिल्या फळीमागे फळीच्या जाडीची एक पट्टी द्यावी, म्हणजे तिलाही इतरांसारखा तिरपा कल येईल. त्यावरची प्रत्येक फळी खालच्या फळीवर एक इंच चढवावी. आपल्या गाळ्याला १४ फळ्या, म्हणजे १४० फूट फळी लागेल.

खिळा मारताना तो एकाच फळीतून जावा, खालच्या फळीच्या वरच्या कडेला थोडे सोडून. दोन्ही फळ्यांतून खिळा गेला तर पावसाळ्यात फुगताना आणि उन्हाळ्यात आकसताना फळी हलू शकत नाही आणि उभी चिरते. खिळे जस्ताच्या मुलाम्याचे घ्यावेत. साधा खिळा दोन पावसाळ्यांत गंजतो आणि त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडते.

फळ्या परवडत नसतील तर पन्हाळीचा पत्रा चालेल. त्याची चढ दीड पन्हाळीची ठेवावी आणि उघडी कड वाऱ्याच्या उलट बाजूस येईल असे पत्रे लावावेत. पत्र्यामागेही कागद आणि पोकळी हवीच, कारण रात्री पत्रा गार झाला की त्याच्या आतल्या बाजूला दहिवर सुटते. जुने सिमेंटचे पत्रे घरात पडलेले असतील तर ते कापून वापरण्याचा मोह टाळावा. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे तिथे तर तो विचारही नको.

नवी भिंत जुन्या चिऱ्यांच्या भिंतीला जिथे मिळते तो सांधा नेहमी गळतो. तिथे जुन्या भिंतीत अर्धा-पाऊण इंच खोल उभी खाच पाडावी, तीत पत्र्याची पट्टी चुन्याने किंवा सिमेंटने बसवावी आणि पट्टीची दुसरी कड फळ्यांच्या मागे, कागदाच्या वर घ्यावी. इथे सिमेंट चालते, कारण ते खाचेत आहे, पाण्याच्या वाटेवर नाही.

सासूबाईंची खिडकी

ताई, भिंत झाली आणि हवा बंद झाली तर सासूबाईंचा त्रास उलट वाढेल. म्हणून खिडकी ठेवावीच. ती दोन उभ्यांच्या मधल्या जागेत बसवावी, म्हणजे उभा कापावा लागणार नाही. खिडकीला वरच्या बाजूने बिजागऱ्या लावून बाहेर उघडणारी झडप करावी. काठीचा टेकू दिला की ती लहानशा छपरासारखी राहते. पाऊस अडतो आणि वारा येतो. खिडकीच्या वर पत्र्याची पट्टी द्यावी, ती कागदाच्या आत आणि फळीच्या बाहेर येईल अशी वाकवावी. खिडकीखालची फळी बाहेर उतरती आणि भिंतीच्या पुढे दीड इंच काढावी. तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून अर्धा इंच आत, दोन सूत खोल खाच मारावी. पाणी फळीच्या खालच्या अंगाला चिकटून मागे भिंतीकडे येऊ पाहते, ते या खाचेपाशी अडते आणि थेंबाथेंबाने खाली गळते. एवढीशी खाच, पण तिच्यावाचून खिडकीखालची भिंत कायम ओली राहते.

वर तुळईखाली सोडलेल्या ६ इंचांना जाळीच लावावी. तिथून ऊब आणि दमट हवा बाहेर जाते.

पहिला पावसाळा भिंत आतून उघडी ठेवा

काम पुरे झाले की आतल्या बाजूलाही लगेच फळ्या ठोकाव्यात असे वाटते. तसे करू नये. पहिला पावसाळा आतली बाजू उघडी ठेवावी. आषाढातल्या एखाद्या मोठ्या झडीत बॅटरी घेऊन कागदावरून हात फिरवावा. कुठे ओल दिसली तर खडूने खूण करावी आणि दिवाळीनंतर तेवढीच जागा दुरुस्त करावी. उघड्या भिंतीतली चूक दिसते. झाकलेल्या भिंतीतली चूक तीन वर्षांनी कळते, तोवर लाकूडही गेलेले असते आणि बीही. पुढे आतून फळ्या मारल्या तरी त्या स्क्रूने लावाव्यात, म्हणजे काढून पाहता येईल.

पडवीतले धान्य

भिंत चांगली झाली तरी पोते भिंतीला टेकवू नये. जमिनीपासून अर्धा फूट उंच लाकडी मांडणीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. भाताच्या बियाण्यात ओलावा १३ टक्क्यांच्या आत आणि कुळीथ, वाल यांसारख्या कडधान्याच्या बियाण्यात ९ टक्क्यांच्या आत असावा लागतो. ओलावा मोजायचे यंत्र घरी नसते, पण दाण्याला दात लावून पाहता येते. कट्ट आवाज होऊन दाणा फुटला तर ठीक, दबला तर पुन्हा ऊन द्यावे. पावसाळ्यात रब्बीचे बी साठवायचे असेल तर ते पोत्यात न ठेवता पुरते वाळवून झाकणाच्या डब्यात भरावे. युरियाच्या गोणी धान्याजवळ ठेवू नयेत. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि खत व धान्य एकत्र असू नये हे वेगळे सांगायला नकोच.

पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. आठवड्याने ऐंशीहून कमी रुजले तर ते बी खाण्याकडे वळवावे. मात्र त्याला बुरशी असेल तर तेही करू नये. त्या वर्षी मी ही चाचणी तात्यांना करून दिली असती तर निदान पेरणी फुकट गेली नसती. मी कृषिखात्यातला, आणि ही चाचणी गावोगाव शिकवीत फिरत होतो. फक्त घरच्या पोत्याला हात लावला नव्हता.

ताई, काम मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत संपेल असे बघावे. दोन माणसे आणि मेस्त्री असतील तर आठ-दहा दिवसांचे काम आहे. पैसे कमी पडले तर फळ्या पुढच्या वर्षी लावाव्यात आणि यंदा रिपांवर झाप बांधावेत. सांगाडा, चिऱ्याचा थर, कागद आणि पत्र्याच्या पट्ट्या यांत मात्र काटकसर करू नये. त्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत. आणि मेस्त्रीने एखादी फट ठेवूया म्हटले तर ती कशासाठी हे त्याला आवर्जून विचारावे, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे.

आमच्या गावच्या पडवीला पुन्हा भिंत झाली ती त्याच मेस्त्रींच्या हातची. तळाला चिरा, मध्ये पोकळी, खाली जाळी. तात्या पुढची कित्येक वर्षे त्याच पडवीत आरामखुर्ची टाकून पाऊस बघत बसत. रब्बीचे बी मात्र त्यांनी पुन्हा माळ्यावरच ठेवले, आणि मीही त्यांना कधी खाली आणा म्हटले नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. श्रावणात भिंत कशी राहिली ते अवश्य कळवावे. चुकले असेल तर तेही लिहावे, म्हणजे इतरांचा खर्च वाचेल.

पुढील अंकी : भाताच्या रोपवाटिकेसाठी गादीवाफे.